काडतुसाच्या मानेवरचा डाग आणि कोताची नोंदवही

लष्करी रायफलीचं नवंकोरं काडतूस उजेडाकडे धरलं की पितळी पुंगळीच्या मानेवर, गोळी बसवलेली असते तिथून खाली, निळसर-तपकिरी डागाचा एक पट्टा दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की माल जुना आहे किंवा ओल लागली आहे. तसं काही नसतं. पुंगळीची मान शेवटच्या टप्प्यात तापवून मऊ केली, याची ती खूण आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या काडतुसांवरून हा डाग बऱ्याचदा पॉलिश करून काढतात, कारण गिऱ्हाइकाला चकाकी हवी असते. लष्करी मालावर मात्र तो राहू देतात. मान तापवली आहे की नाही, हे तपासनिसाला नुसत्या नजरेनं कळलं पाहिजे.

या डागामागे पावसाळ्याची गोष्ट आहे आणि ती आपल्याच देशात घडलेली आहे. शस्त्रांबद्दल आपल्याकडे चर्चा होते ती कॅलिबरची, पल्ल्याची आणि कुठल्या देशाची रायफल भारी याची. माझं मत असं की रायफल ऐन वेळी दगा देते तेव्हा बहुतेकदा तो बिघाड आधीच, कोठारात किंवा कोतात, होऊन बसलेला असतो. (लष्करात आणि एनसीसीत शस्त्रं ठेवायच्या खोलीला कोत म्हणतात. पोलिसांत शस्त्रागार म्हणतात.) म्हणून इथे धातू, प्लास्टिक, तेल, ओल आणि मोजदाद यांबद्दलच लिहितो आहे.

आधी पितळ. काडतुसाची पुंगळी साधारण 70 भाग तांबं आणि 30 भाग जस्त अशा पितळेची असते. पत्र्याच्या चकतीची आधी वाटी करतात आणि ती वाटी साच्यातून टप्प्याटप्प्यानं ओढत लांब करतात. थंड पितळ असं ओढलं की ते कडक होत जातं, म्हणून मध्ये मध्ये तापवून मऊ करावं लागतं. शेवटी बूड जाड आणि कडक, तर तोंड पातळ आणि मऊ असं दोन स्वभावांचं भांडं तयार व्हायला हवं. गोळी सुटते त्या क्षणी आतला दाब साडेतीन हजार वातावरणांच्या वर जातो. पातळ तोंड फुगून नळीच्या घराला, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या पोकळीला, घट्ट चिकटतं आणि मागे येणारा गॅस अडवतं. दाब उतरला की पितळ थोडं आकसतं, म्हणून पुंगळी सहज ओढून काढता येते. फुगणं आणि आकसणं या दोन्ही गोष्टी नीट जमतात म्हणूनच दीडशे वर्षं पितळ टिकून आहे. पोलादी पुंगळ्या स्वस्त पडतात, पण त्यांना लाख किंवा दुसरा लेप द्यावा लागतो आणि आकसण्याच्या बाबतीत त्या पितळेच्या मागेच राहतात.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेला एक विचित्र त्रास होता. पावसाळ्यात पेट्या उघडल्या की न वापरलेल्या काडतुसांना उभे तडे गेलेले असत. कुणी ती पाडलेली नसत की आपटलेली नसत. हे पावसाळ्यात होतं म्हणून त्याला ऋतूचं नाव पडलं, ‘सीझन क्रॅकिंग’. काडतुसं बऱ्याच ठिकाणी पागांजवळ साठवलेली असत. घोड्यांच्या मुताचा आणि लिदीचा अमोनिया दमट हवेत कोंडून राही आणि पितळेवर जमलेल्या ओलीच्या थरात विरघळे. पुंगळी थंड ओढताना तिच्या अंगात ताण शिल्लक राहिलेला असतो. अमोनिया धातूच्या कणांमधल्या सीमा पोखरू लागला की आतला ताण त्या पोखरलेल्या जागा उघडत नेतो. नुसत्या ताणानं तडा गेला नसता आणि नुसत्या अमोनियानंही पृष्ठभाग फक्त काळवंडला असता. दोन्ही एकत्र आले की पितळ काचेसारखं तडकतं. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी हे कारण नीट मांडलं. उपायही साधा निघाला. घडण संपल्यावर पुंगळी बेतानं तापवायची, म्हणजे आतला ताण उतरतो. मानेवरचा डाग त्या तापवण्याचा.

आता पागा राहिल्या नाहीत, अमोनिया मात्र आहे. गावाकडे परवान्याची बंदूक आणि काडतुसं ज्या खोलीत असतात तिथेच युरियाची पोती रचलेली असतात. ओल लागलेला युरिया अमोनिया सोडतो. गोठ्याला लागून असलेली खोली ही तर थेट जुन्या पागेचीच जागा. पितळेची भांडी चकाकवायच्या बऱ्याच द्रवांतही अमोनिया असतो, तेव्हा काडतुसं त्यानं घासू नयेत. काळवंडलेलं काडतूस कोरड्या फडक्यानं पुसावं, एवढंच.

काडतुसं तपासताना एकेक हातात घेऊन फिरवून बघावं लागतं. मानेवर केसासारखी उभी रेघ दिसली तर तो तडा. हिरवट पूड साचली असेल तर गंज आत कुठवर गेला ते बाहेरून कळत नाही. गोळी बोटानं हलत असेल किंवा इतरांपेक्षा आत बसलेली दिसत असेल तर तेही बाजूला ठेवायचं, कारण गोळी आत सरकली की दारूला जागा कमी मिळते आणि दाब वाढतो. बुडातली टोपी (जिच्यावर आघात झाला की दारू पेटते ती) वर आलेली असेल तर बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता दांडा, बंद होताना धोका. असं काडतूस ‘एकदा उडवून पाहू’ म्हणून वापरायचं नाही, फेकायचं नाही आणि पुरायचंही नाही. सरकारी असेल तर नोंद करून परत द्यायचं. परवान्यावरचं असेल तर परवानाधारक विक्रेता किंवा पोलीस ठाणं. मानेला तडा असेल तर थोडा गॅस निसटून भागतं, पण बुडाजवळ फाटलं तर गॅस बोल्टवरून मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. कधी पुंगळीचा पुढचा तुकडा नळीतच अडकून राहतो आणि पुढचं काडतूस बसत नाही.

रायफलीकडे येताना भारतीय सैन्याच्या इन्सास रायफलीचंच उदाहरण घेतो, कारण ती पुण्यात पाषाणला, डीआरडीओच्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेत, म्हणजे एआरडीईत, आखली गेली. आणि तिच्यावर जितकी टीका झाली तितकी भारतात बनलेल्या दुसऱ्या कुठल्या रायफलीवर झाली नसेल. 7.62 मिलिमीटरच्या एसएलआर या आधीच्या रायफलीची जागा घ्यायला ही 5.56 मिलिमीटरची रायफल 1990 च्या दशकात सैन्यात आली. इच्छापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्लीच्या कारखान्यांत ती बनली. फिरता बोल्ट आणि गॅसचा पिस्टन एके-47 च्या धाटणीचा, गॅस कमी-जास्त करायची सोय एसएलआरच्या वळणाची, आणि दस्त्याच्या मागच्या पत्र्यात साफसफाईचं सामान ठेवायची झडप इंग्रजांच्या काळातल्या .303 रायफलीसारखी. एकेक गोळी सुटते किंवा चाप एकदा ओढला की तीन गोळ्यांचा फेर. मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, 20 गोळ्यांचं, प्लास्टिकचं आणि अर्धपारदर्शक, म्हणजे किती गोळ्या उरल्या ते बाहेरूनच दिसावं.

ही पारदर्शकता खरोखर उपयोगी कल्पना होती. पण 1999 च्या कारगिल युद्धात उंचीवरच्या थंडीत मॅगझीनला तडे जाणं, काडतूस अडकणं आणि तीन गोळ्यांच्या फेरावर ठेवलेली रायफल न थांबता सुटत राहणं, अशा तक्रारी आल्या. पुढच्या आवृत्त्यांत सुधारणा कराव्या लागल्या. त्यातलं मॅगझीनचं दुखणं नीट समजून घेण्यासारखं आहे.

प्लास्टिकचा स्वभाव तापमानावर चालतो. एका ठरावीक तापमानाच्या खाली त्याच्या लांब साखळ्या हलायच्या थांबतात. मग धक्का बसल्यावर वाकून तो जिरवण्याऐवजी ते तडकतं. नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक हवेतली ओल थोडी पिऊन लवचिक राहतं. उंचावरची हवा हाडं गोठवणारी तर असतेच, शिवाय अगदी कोरडी असते, म्हणजे तो लवचिकपणाही जातो. त्यात तिथलं ऊन. अतिनील किरणं वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या पृष्ठभागाला बारीक भेगा पाडतात आणि पुढचा तडा तिथूनच सुरू होतो. मॅगझीनमध्ये सगळ्यात जास्त ताण वरच्या दोन ओठांवर असतो. स्प्रिंग खालून गोळ्या वर दाबत असते आणि हे ओठ त्यांना अडवून धरतात. ओठ अर्ध्या मिलिमीटरनंही फाकला तर काडतूस वाकड्या कोनात वर येतं आणि नळीच्या मागच्या कडेला नाक घासून अडकतं. लोक म्हणतात रायफल अडकली. तपासायला घ्याल तर नव्वद टक्के वेळा आधी मॅगझीनच बघा असं कुठलाही आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर, सांगेल, आणि आकडा बोलण्याच्या ओघात दिलेला असला तरी क्रम बरोबर आहे.

म्हणून मॅगझीनला नंबर रंगवावा. अडकलं की कुठल्या नंबरच्या मॅगझीनला अडकलं ते लिहावं. तेच मॅगझीन दुसऱ्या रायफलीत लावून बघावं. दोष मॅगझीनबरोबर गेला तर ते बाद, रायफलीतच राहिला तर बोल्ट, पुंगळी बाहेर ओढणारा आकडा आणि गॅसची वाट तपासायची. एवढी साधी नोंद ठेवली नाही तर खराब मॅगझीन फिरून फिरून कुणाच्या तरी वाट्याला येत राहतं. ओठांवर उलटं आपटून मॅगझीन ठेवायची सवयही मोडायला हवी.

थंडीतली दुसरी चूक तेलाची. मैदानी भागातलं नेहमीचं तेल उणे 20 अंशांखाली मधासारखं घट्ट होतं. बोल्ट पूर्ण वेगानं मागे जात नाही, पुंगळी अर्धवट बाहेर पडून दारातच चिमटते. तिथे पातळ, थंडीसाठीचं तेल आणि तेही नावापुरतं लावतात. बाहेर गारठलेली रायफल शेकोटीच्या उबदार खोलीत नेली की तिच्यावर दव जमतं, तसं फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जमतं. ती तशीच परत बाहेर नेली की बोल्टच्या आणि चापाच्या आतलं पाणी गोठतं. म्हणून अशा ठाण्यांवर शस्त्र बाहेरच, थंडीतच, आडोशाला ठेवायचा नियम असतो. आत आणलंच तर पूर्ण उघडून, कोरडं करून मगच बाहेर न्यायचं.

आपल्याकडे, कोकणात आणि गोव्यात, प्रश्न याच्या अगदी उलट. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की पोलादाचा गंज झपाट्यानं वाढतो, आणि किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर ती त्याच्या खूप वर असते. वर मीठ. मिठाचा कण हवेतली ओल ओढून घेतो आणि त्या ओलीच्या थेंबाखाली खड्डा पडत जातो. असा खड्डा नळीच्या बाहेर पडला तर दिसतो, घासता येतो. आत पडला तर कायमचा.

पोलादाला गंजापासून वाचवायला दोन जुने लेप आहेत. निळाई दिलेली बंदूक दिसायला देखणी, पण तो थर फार पातळ असतो आणि एकट्यानं गंज अडवू शकत नाही. फॉस्फेटचा करडा, खरबरीत लेप दिसायला साधा. त्याच्या बारीक छिद्रांत तेल धरून राहतं म्हणून लष्कराला तो आवडतो. म्हणजे दोन्हींत खरं काम तेलाचंच, लेप फक्त त्याला जागा देतो. नळीच्या आत मात्र अनेक लष्करी रायफलींना क्रोमचा मुलामा असतो. गोळी सुटते तिथे, काडतुसाच्या तोंडापुढच्या दोन-चार सेंटिमीटरांत, तापलेला गॅस पोलाद अक्षरशः चाटून नेतो. क्रोम ते बरंच लांबवतं आणि गंजही अडवतं. पण मुलामा आट्यांच्या, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या खाचांच्या, कोपऱ्यांत असमान बसला तर नेम बिघडतो. नेमबाजीच्या स्पर्धेच्या नळ्यांना क्रोम नसतं, ते म्हणूनच.

साफसफाई कशी करायची हे एनसीसीतल्या मुलांनाही शिकवतात, पण कारण सांगत नाहीत, म्हणून क्रमाबरोबर कारणही लिहितो. पहिलं काम नेहमी एकच. नळी सुरक्षित दिशेला, मॅगझीन काढा, बोल्ट मागे घेऊन नळीचं घर डोळ्यांनी बघा आणि बोटानंही चाचपा. आधी मॅगझीन, नंतर बोल्ट, हा क्रम उलटा झाला की बोल्ट पुढे जाताना वरचं काडतूस आत ढकलून जातो आणि माणूस समजतो रायफल रिकामी आहे. साफसफाई करताना याच एका उलट्या क्रमानं अपघात होतात. काडतुसं त्या टेबलावर, शक्य तर त्या खोलीतच, ठेवायची नाहीत.

मग रायफल उघडायची. वरचं झाकण, स्प्रिंग, पिस्टनसह बोल्टचा सांगाडा, त्यातून बोल्ट. ज्या क्रमानं सुटे होतील त्याच क्रमानं डावीकडून उजवीकडे कापडावर मांडायचे, म्हणजे जोडताना उलट जायचं. दोन रायफलींचे भाग एका कापडावर कधीच नाहीत. बोल्ट आणि नळी यांच्यातली फट त्या जोडीपुरती जुळवलेली असते. दुसऱ्याचा बोल्ट बसतो, बंद होतो, चालतोही, आणि फट जास्त असेल तर पुंगळी मागे ताणली जाऊन बुडाजवळ फाटते. म्हणूनच बोल्टवर रायफलीचा नंबर असतो आणि तो नळीवरच्या नंबराशी ताडून बघायचा असतो. शंका आली तर आर्मोरर मापकानं तपासतो. ते काम घरगुती अंदाजानं करायचं नसतं.

नळीसाठी फुलथ्रू, म्हणजे एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला चिंधीसाठी फास असलेली दोरी. पुसायची चिंधी 4 बाय 2 इंचांची, तेलाची त्याहून थोडी अरुंद, 4 बाय दीड. हे माप उगाच नाही. मोठी चिंधी नळीत अडकून बसते आणि मग लोक लोखंडी सळईनं ती ठोकून काढायला जातात. वजन नळीच्या घराकडून टाकायचं आणि दोरी पुढच्या तोंडातून सरळ ओढायची. तिरकी ओढली तर तोंडाशी दोरीचा घासा पडतो. नळीचं तोंड ही गोळीला शेवटचा स्पर्श करणारी जागा. तिथे एका बाजूला झीज झाली की गॅस त्या बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. आतली नळी नवी असूनही नेम लागत नाही, तेव्हा हे तोंड बघावं.

जुन्या .303 काडतुसांच्या काळात नळीत उकळतं पाणी ओतायची पद्धत होती. ती अंधश्रद्धा नव्हती. त्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. जळल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचा भाऊच, नळीत उरत असे. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. वरून तेल चोपडलं तर त्याच्याखाली मीठ तसंच राहून दोन दिवसांत गंज धरे. म्हणून आधी पाणी, तेही उकळतं, कारण तापलेली नळी आपोआप कोरडी होते. मग चिंधी, मग तेल. आता क्षार न सोडणाऱ्या टोप्या आल्या, तरी जुना साठा कुठे वापरला जात असेल तर हा क्रम अजूनही लागू आहे.

गॅसवर चालणाऱ्या रायफलीत काजळी पिस्टनच्या डोक्यावर आणि गॅसच्या भोकात बसते. भोक बुजत गेलं की बोल्ट अर्धवट मागे येतो. घाईत माणूस गॅसची चकती वाढवतो आणि रायफल पुन्हा चालू लागते. शत्रूसमोर तेच करावं. पण परत आल्यावर काजळी न काढता चकती तशीच ठेवली तर बोल्ट जोरात मागे आपटत राहतो आणि आकडा, स्प्रिंग, मागचा भाग लवकर झिजतो.

शेवटी तेल. नळीच्या घरात तेल राहू द्यायचं नाही. पुंगळी कोरड्या भिंतीला चिकटून मागचा जोर वाटून घेते. तेल असेल तर ती घसरते आणि सगळा जोर बोल्टवर येतो. नळीतही साठवणीचं जाड तेल गोळीबाराआधी कोरड्या चिंधीनं काढलंच पाहिजे. पावसात किंवा चिखलात नळीच्या तोंडात माती शिरली असेल आणि तशीच गोळी सुटली तर नळी फुगते. बाहेरून अंगठीसारखा उंचवटा हाताला लागतो आणि नळी बाद.

बंदिस्त गोळीबाराच्या रेंजवर शिसं हाही प्रश्न असतो. गोळीतलं शिसं आणि टोपीतलं शिशाचं संयुग धुरात आणि धुळीत उतरतं. केरसुणीनं कोरडं झाडू नये, ओल्या फडक्यानं पुसावं. हात आणि तोंड साबणानं धुतल्याशिवाय चहा-बिस्किटाला हात लावू नये. शाळकरी नेमबाजांच्या पालकांनी एवढी चौकशी जरूर करावी.

शस्त्र ठेवायची जागा कोरडी ठेवायला सिलिका जेल पुरतं, पण ते बदलावं लागतं हे लोक विसरतात. निळे दाणे गुलाबी झाले किंवा केशरी दाणे हिरवे झाले की ते पोट भरलेले. 120 अंशांच्या आसपास दोन-तीन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. फोमची पेटी आणि चामड्याचं म्यान प्रवासापुरतं ठीक. फोम ओल धरून ठेवतो आणि चामडं कमावताना वापरलेले क्षार पोलादाला खातात. पावसाळाभर बंदूक चामड्याच्या म्यानात ठेवली तर दसऱ्याला पूजेसाठी काढताना म्यानाच्या शिवणीचा ठसा नळीवर गंजानं उमटलेला दिसतो.

काडतुसांतली दारू हा वेगळाच जीव आहे. धूर न करणारी दारू नायट्रोसेल्युलोजची असते आणि ती पेटीत बंद असतानाही अतिशय हळू विघटित होत असते. त्यातून निघणारे नायट्रोजनचे वायू विघटन आणखी वाढवतात. म्हणून तिच्यात डायफिनाइलअमाइनसारखा स्थिरक घालतात, जो हे वायू शोषून घेतो. स्थिरक संपत आला की दारूचं वय झालं. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की हे म्हातारपण दुप्पट किंवा त्याहून जास्त वेगानं येतं. पत्र्याच्या छपराखाली विदर्भातल्या मे महिन्यात ठेवलेला साठा आणि जाड भिंतींच्या, मातीनं झाकलेल्या कोठारातला साठा एकाच दिवशी बनलेला असला तरी एका वयाचा राहत नाही. पेटीवर लॉट नंबर असतो तो यासाठी. एका लॉटमध्ये दोष निघाला की तोच लॉट जिथे जिथे गेला तिथून उचलता आला पाहिजे. लॉट मिसळून ठेवले की हा धागाच तुटतो.

महाराष्ट्राला याची किंमत ठाऊक आहे. 31 मे 2016 च्या मध्यरात्री वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले. दोन अधिकाऱ्यांसह जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी मिळून पंधराहून अधिक माणसं गेली. रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी हे स्फोटक पाझरत असल्याची गोष्ट त्यानंतर चर्चेत आली. टीएनटी शुद्ध नसेल तर त्यातल्या अशुद्धींचं कमी तापमानाला वितळणारं तेलकट मिश्रण तयार होतं आणि उन्हाळ्यात ते सांध्यांतून बाहेर येतं. पुढे 20 नोव्हेंबर 2018 ला त्याच भांडाराजवळ सोनेगाव आबाजी इथे जुना दारूगोळा नष्ट करताना सहा जण दगावले. 24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. तिन्ही ठिकाणची कारणं एकसारखी धरता येणार नाहीत. पण जुना किंवा दोषी माल वेळेत वेगळा काढणं, आणि तो हाताळणाऱ्या रोजंदारीवरच्या माणसालाही त्यात काय आहे ते सांगणं, हे कुठल्याही कारखान्याला किंवा भांडाराला टाळता येणारं काम नाही. पुलगाव परिसरातल्या गावांमधली माणसं भंगाराच्या पितळेसाठी जीव धोक्यात घालतात, हे ऐकून चीड येते, आणि ती त्या माणसांवर येत नाही.

आता कोताची सुरक्षा. दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन वेगळी माणसं, ही पद्धत जुनी आहे आणि बरोबर आहे. रायफली रॅकमध्ये साखळीनं ओवलेल्या, काडतुसं वेगळ्या खोलीत. सकाळ-संध्याकाळ मोजणी. पण मोजणी कशाची, यात घोळ होतो. नुसते दस्ते मोजले तर रॅकमध्ये 40 दस्ते दिसतात आणि 40 रायफली आहेत अशी सही होते. दस्त्यावर रंगवलेला बट नंबर हा त्या तुकडीतला घरचा नंबर. दस्ता बदलला की तो बदलतो. खरी ओळख धातूवर ठोकलेला नोंदणी नंबर. आठवड्यातून एकदा तरी तो आणि बोल्टवरचा नंबर दोन्ही वाचून ताडायला हवेत, आणि वाचणारा व वहीत खूण करणारा वेगळा हवा.

रेंजवर जितकी काडतुसं नेली तितक्या पुंगळ्या आणि न उडालेली काडतुसं मिळून परत आली पाहिजेत. एखादी पुंगळी गवतात जाते, तेव्हा सगळी तुकडी वाकून ती शोधते. नव्या मुलांना ही शिक्षा वाटते. पण ‘एक-दोन कमी चालतात’ अशी मुभा एकदा मिळाली की दर वेळी एक-दोन जिवंत काडतुसं बाहेर जायचा रस्ता तयार होतो, आणि वर्षभरात एक मॅगझीन भरतं.

लुटीच्या घटना याहून मोठ्या. 15 फेब्रुवारी 2008 च्या रात्री ओडिशातल्या नयागढमध्ये माओवाद्यांनी पोलिसांचं शस्त्रागार फोडून हजाराहून अधिक शस्त्रं नेली. 2023 मध्ये मणिपूरमध्ये शस्त्रागारांतून सुमारे 6,000 शस्त्रं गेली. ऑक्टोबर 2025 मध्ये गडचिरोलीत माओवाद्यांचा मोठा नेता भूपती 60 सहकाऱ्यांसह शरण आला तेव्हा जमा झालेल्या शस्त्रांत इन्सास रायफलीही होत्या. इन्सास बाजारात मिळत नाही. ती कधी ना कधी कुठल्या तरी दलाच्या कोतातून किंवा पडलेल्या जवानाच्या हातून गेलेली असते. 2019 च्या दुरुस्तीनं शस्त्र कायद्यात पोलीस किंवा सैन्याचं शस्त्र बळजबरीनं हिसकावण्याला किमान दहा वर्षांची कैद आली, ती याचसाठी.

असं शस्त्र परत मिळालं की पहिला प्रश्न असतो, हे कुणाचं? नंबर घासून काढलेला असेल तर न्यायवैद्यक प्रयोगशाळा कधी कधी तो पुन्हा वाचू शकते, कारण नंबर ठोकताना खालचं पोलादही दबलेलं असतं. पण वाचलेला नंबर ताडायला यादी लागते. कोताची वही कोतातच ठेवली तर लुटीत ती शस्त्रांबरोबर जाते किंवा जळते. म्हणून नोंदणी नंबर, बोल्टचा नंबर, कधी आली, कुणाच्या नावावर दिली, शेवटची मोजणी कधी झाली, या रकान्यांची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत, वेगळ्या अधिकाऱ्याच्या ताब्यात हवी. आणि ती दर मोजणीनंतर त्याच दिवशी जुळवलेली हवी. महिनाभर मागे पडलेली प्रत असेल तर मधल्या महिन्यात बदली होऊन आलेल्या रायफलींचे नंबर कुठेच सापडत नाहीत.